ठोक्याने अडवलेला सत्कार

“पण पुलावरच कशाला? जमिनीला काय काटे फुटलेत?”

“काका, फोटो चांगला येतो. खाली नदी, मागे फलक, मधोमध तुम्ही.”

“मधोमध मी. आणि माझ्या पायाखाली?”

“सांगितलं ना, नदी.”

“नदीच्या वर आणि माझ्या पायाच्या खाली जे आहे, त्याचं विचारतोय मी तुला, बाबा.”

औषधवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि ठोक्याच्या बायकोकडे बघितलं. ती खिडकीशी बसून नव्या शर्टाला बटण लावत होती. ठोक्या बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसलेला. रोजचे बारा किलोमीटर चालून आल्यावर तो आधी पाय भिजवायचा, मग माणसांशी बोलायचा. आज औषधवाला घाईचा, म्हणून दोन्ही एकदम चाललेलं.

“अहो, ते काय म्हणतात ते पुरतं ऐका तरी,” बायको दोरा दाताने तोडत म्हणाली. “सत्कार करतायत तुमचा, फाशी नाही देत.”

औषधवाल्याचं दुकान सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर. कृत्रिम पायांच्या मदतीसाठी दरवर्षी गावातून पायी निघते ती चाल ठोक्याने सुरू केलेली, आणि तिचा हा चिटणीस. त्याचं म्हणणं साधं होतं. यंदा चालीचं पंधरावं वर्ष. ती सुरू करणाऱ्या माणसाला नगरपालिका पुरस्कार देणार. नदीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल नुकताच रंगवून झालाय, दिवे लावलेत. त्याच पुलाच्या मधोमध नगराध्यक्ष मानपत्र देणार आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, दवाखान्यामागचं बंद पडलेलं गोदाम कृत्रिम पायांच्या कारखान्याला देऊन टाकल्याची सही करणार.

“सहा वर्षं त्या गोदामासाठी चपला झिजवतोय मी,” औषधवाला म्हणाला. “मिळालं तर पाय इथंच बनतील. नाहीतर आहेच, माप द्यायला एकदा दोनशे किलोमीटर जा, पाय आणायला पुन्हा जा. एका पायावर.”

ठोक्याने बादलीतून पाय काढले आणि पुसायला घेतले. बराच वेळ पुसले.

ठोक्या हे काही त्याचं नाव नव्हे. तो रेल्वेतला चावीवाला. रूळ खालच्या आडव्या स्लीपरांना जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्या जाऊन जाऊन त्या ढिल्या होतात. चावीवाल्याने रोज सकाळी आपला सहा किलोमीटरचा पट्टा हातोडा घेऊन चालायचा, ढिली चावी दिसली की ठोकून बसवायची, आणि तसंच परत यायचं. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. हातोडा टेकवला की लोखंड काय बोलतं ते त्याला कळायचं. धडधाकट लोखंड टण्ण म्हणतं. आत चीर असली की बद्द म्हणतं. ही सवय मग घरातही शिरली. दुकानात नवं पातेलं घेताना ठोकणार, शेजाऱ्याच्या फाटकाचे गज ठोकणार, आणि एकदा जावयाची नवी मोटारसायकल ठोकून म्हणाला, “ह्याचा मागचा दांडा बरा नाही.” जावई दोन महिने बोलला नव्हता. दांडा तिसऱ्या महिन्यात गेला, तेव्हा मात्र बोलला.

चावीवाला होण्याआधी तो रुळांची कामं करणाऱ्या टोळीत होता. रूळ बदलायचा म्हणजे अख्खा रूळ माणसांनी उचलायचा. दोन्ही बाजूंनी चिमटे लावून सोळा जण उचलतात, आणि एकाने हाक द्यायची. हाक देणारा म्हणतो, “हांऽऽ”, आणि बाकी सगळे “पाय!” म्हणत एकदम पाऊल टाकतात. हांऽऽ, पाय. हांऽऽ, पाय. सोळा माणसं एक जनावर होऊन चालतात. एकाचं पाऊल मागे राहिलं तर सगळं वजन शेजाऱ्यावर येतं. म्हणून टोळीत पोरगा नवा आला की त्याला पहिलं हेच शिकवायचे, की मेलास तरी ताल सोडायचा नाही.

हाक द्यायला ठोक्या असायचा. आवाज फाटका, पण लांब जायचा. एका दुपारी हाक देता देता गांधीलमाशीने त्याच्या मानेला डंख मारला आणि त्याचा “हांऽऽ” घशातच राहिला. अर्ध्या श्वासाचा उशीर. आठ जणांनी पाय टाकला, आठ जणांनी टाकला नाही. रूळ खाली आला तो त्याच्या जोडीदाराच्या घोट्यावर.

पाय गुडघ्याखालून काढला. शुद्धीवर आल्यावर जोडीदार म्हणाला, “आता मला बगळा म्हणा.” तेव्हापासून तो बगळाच. ठोक्याला त्याने कधी दोष दिला नाही, पण सोडलंही नाही. चार माणसांत ठोक्या जास्त बोलायला लागला, की बगळा आपला लाकडी पाय पुढे करून म्हणायचा, “हां, आणि माशीचं सांग.” मग ठोक्या गप्प.

बगळ्याने बरीच वर्षं त्या लाकडी पायावर काढली, आणि मग चाल सुरू झाली ती त्याच्या चांगल्या पायासाठी. टोळीच्या खोलीपासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत नऊ किलोमीटर, टोळीतली सतरा माणसं, ज्याने त्याने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काहीतरी कबूल करून घेतलेलं. त्यांना वेगळं चालायला येत नव्हतं, म्हणून ठोक्याने हाक दिली आणि ती सतरा माणसं रूळ उचलून नेत असल्यासारखी तालात गावातून गेली. लोक खिडक्यांत आले. पुढच्या वर्षी शंभर, मग पाचशे. आता तीन हजार माणसं पंधरा वर्षांत घोटून घोटून तो ताल शिकली होती. ठोक्याने “हांऽऽ” म्हटलं की तीन हजार पाय एकदम पडायचे. रस्त्याकडेच्या दुकानांच्या काचा थरथरायच्या. तो आवाज पोटात बसायचा, आणि लोक तेवढ्यासाठीही यायचे. बगळ्याला पाय मिळाला, बगळ्यानंतर आणखी कितीकांना मिळाले. तालात न चालणारा माणूस त्या चालीत एकच होता, तो म्हणजे बगळा.

दरवर्षी चाल मोठ्या रस्त्याच्या सिमेंटच्या पुलावरून जायची. यंदा रस्ता बदलला होता.

औषधवाला गेल्यावर ठोक्या उठला, हातोडा घेतला.

“कुठे?” बायको म्हणाली.

“पुलाला भेटून येतो.”

“भेटा. आणि गप्प बसून या. गोदाम गेलं तर बगळाभाऊजींना काय सांगणार आहात? त्यांचा पाय आतून सोलवटून निघतोय. परवा मोजा भरून रक्त काढलं त्यांच्या बायकोने.”

पूल निळा रंगवला होता, गुळगुळीत, नव्या नवरीच्या पेटीसारखा. ठोक्या एका टोकाकडून ठोकत निघाला. लोखंडाचे पट्टे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा होत्या. टण्ण, टण्ण, टण्ण. माणसं येत जात होती. एक बाई पिशवी घेऊन, दोन पोरी सायकल ढकलत. दुसऱ्या खांबाच्या वर, नदीच्या वरच्या अंगाला, आवाज बदलला. बद्द. त्याने शेजारचं ठोकलं. बद्द. रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून तपकिरी भुकटी त्याच्या बुटावर पडली. असे अकरा निघाले, एका ओळीत.

पण अकरा रिव्हेटांनी तो तेवढा घाबरला नव्हता. घाबरला तो दुसऱ्या दिवशी. टोळीतल्या सहा जणांना तो जेवणाच्या सुट्टीत पुलावर घेऊन गेला. बगळा काठावर बसून शेंगदाणे खात होता. ठोक्याने हाक दिली आणि सहा जण मधोमध तालात चालले. वीस पावलं. पुलाचा कठडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, फार नाही, बोटभर. पण प्रत्येक पावलाला आधीच्यापेक्षा केसभर जास्त.

“थांबा,” ठोक्या म्हणाला. सगळे थांबले.

पूल थांबला नाही. ठोक्या मनात मोजत राहिला. नऊ म्हणेपर्यंत कठडा हलत होता.

काठावरून बगळा ओरडला, “अरे, तुम्ही उभे राहिलात, तो अजून चालतोय की!”

सहा जण हसले. मग त्यांचंही हसणं एकेक करून बंद झालं, आणि ते सुटे सुटे, वेगवेगळ्या पावलांनी पुलावरून उतरले.

औषधवाला त्याला नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे घेऊन गेला. इंजिनिअर सभ्य माणूस. त्याने खुर्ची दिली, कागद दाखवला. पूल तपासलेला आहे, एवढं वजन पेलतो, एका वेळी अमुक माणसं सोडायची, पोलीस मोजून सोडतील.

“उभी माणसं की चालती?” ठोक्याने विचारलं.

“माणूस तो माणूस. वजन तेवढंच.”

“एकदम पाय टाकणारी?”

इंजिनिअर हसला. “आजोबा, तुमचा अनुभव रुळाचा. रूळ जमिनीवर झोपलेला असतो. पुलाचं गणित निराळं असतं.”

“तेच म्हणतोय मी,” ठोक्या म्हणाला. “निराळं असतं.”

बाहेर पायऱ्यांवर औषधवाल्याने त्याचा हात धरला. त्याला आता रडू फुटायचं बाकी होतं. “काका, नगराध्यक्षांना त्या पुलाचंच कौतुक करून घ्यायचंय. पूल नको म्हटलं तर सही नाही. मी काय करू, सांगा.”

ठोक्याने विचार केला. “पोलीस मोजून सोडणार? पन्नास पन्नास?”

“हो, छापील आदेश आहे.”

“मग मी हाक देणार नाही. हाक नाही तर ताल नाही. पन्नास माणसं बाजाराला निघाल्यासारखी जातील, येतील. सत्काराला मी येतो.”

“नाही दिलीत तरी चालेल, काका! अजिबात देऊ नका!” औषधवाला इतका खूश झाला की त्याने कारण विचारलंच नाही. ठोक्यानेही पुन्हा सांगितलं नाही. आपण बोललो ते सगळ्यांना कळलं, असं चावीवाल्याला वाटतं. दिवसभर एकट्याने चालून चालून त्याला समजावून सांगायची सवय राहत नाही.

चालीच्या सकाळी आभाळ खाली आलेलं होतं आणि वारा पडला होता. ठोक्याने नवा शर्ट घातला. कमरेला, शर्टाखाली, लाल बावटा खोचला.

“आज तरी तो राहू द्या घरी,” बायको म्हणाली. “सुट्टी आहे तुमची.”

“तो नसला की नागडं वाटतं.”

माणसं लोटली होती. पुरस्काराचं पेपरात आलेलं, त्यामुळे दरवर्षीच्या दुप्पट. टोळीवाले रिवाजाप्रमाणे पहिल्या चार ओळींत, त्यांच्या कडेला बगळा, मागे सगळं गाव. ठोक्या न बोलता पुढे चालत होता. पहिले सात किलोमीटर माणसं गप्पा मारत, अस्ताव्यस्त आली. काहींनी ओरडून विचारलं, “ठोक्याकाका, घसा बसला काय?” त्याने हात हलवला.

नदीकडे वळण घेतलं आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“हांऽऽ.”

तो थबकला. आवाज पुलावरून येत होता. पुलाच्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला एक कर्णा बांधला होता आणि त्यातून त्याची गेल्या वर्षीची हाक, कुणीतरी भरून ठेवलेली, सगळ्या कर्ण्यांतून एकदम सुटत होती. “हांऽऽ.” मागे सहा हजार माणसांनी श्वास घेतल्यासारखं झालं. आणि मग जमीन हलली. “पाय!”

औषधवाला पुलाच्या तोंडाशी हसत उभा होता. “काका, तुम्ही देणार नाही म्हणालात ना! म्हणून लावली. घशाला त्रास नको!”

“बंद कर.”

“काय?”

“हांऽऽ,” ठोक्याचा आवाज वरून म्हणाला. “पाय!” सहा हजारांनी म्हटलं.

“बंद कर ते, अरे!”

औषधवाल्याला ओठ हललेले दिसले, एवढंच. पोलीस दोन होते. ते मोजायला उभे होते, पण तालात येणारी भिंत मोजता येत नाही. ते कडेला सरकले. पुलाच्या मधोमध, फलकाखाली, नगराध्यक्ष आणि पंधरा-वीस मंडळी उभी होती. ती टाळ्या वाजवत होती, तालात. पुलाचा निळा कठडा सरळ होता. ठोक्या त्याच्याकडेच बघत होता. तो डावीकडे गेला. उजवीकडे आला. चालीतला अजून एकही पाय पुलावर पडला नव्हता. नुसत्या जमिनीतून पुलाला कळलं होतं.

एक नियम चावीवाल्याला पहिल्या दिवशी सांगतात. रूळ तुटलेला दिसला तर कुणाला विचारायला जाऊ नको. टोळीच्या मिस्त्रीला नको, स्टेशनमास्तरला नको. आधी गाडी थांबव.

ठोक्याने बावटा काढला, पुलाच्या तोंडाशी वळून उभा राहिला, पाठ नगराध्यक्षांकडे केली आणि बावटा दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा ताणून धरला.

पहिल्या ओळीतल्या टोळीवाल्यांनी लाल रंग बघितला आणि ते थांबले. त्यांनी ‘का’ म्हणून विचारलं नाही. वरून ठोक्याचाच आवाज “हांऽऽ” म्हणत होता, मागून सहा हजार “पाय!” म्हणत होते, आणि समोर ठोक्या बावटा धरून उभा होता, हाक आणि बावटा यांत बावटा मोठा, एवढं त्यांच्या हाडात होतं. एकमेकांच्या कोपरांत कोपर अडकवून त्यांनी कडं केलं. मागची माणसं येऊन आदळली. एक बाई पडली. कुणी शिव्या दिल्या. बगळा कडेला कलंडला, त्याला एकाने पट्ट्याला धरून उभा केला. मागे अजून ताल चालू होता, जागच्या जागी, धप्प, धप्प. मग तो मधूनमधून फाटला आणि विखरून नुसता गोंगाट झाला. कुणीतरी शेवटी कर्ण्यांची तार ओढली.

तेव्हा पुलाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. फार मोठा नव्हता. बंद खोलीत कुणी खुर्ची सरकवावी तसा. दोनदा आला, थांबला.

मधोमधची मंडळी टाळ्या विसरून कठडा धरून उभी होती. मग नगराध्यक्षांनी मानपत्र कुणाच्या तरी हातात दिलं आणि पलीकडच्या काठाने उतरून गाडीत बसले. सही झाली नाही.

ठोक्याने चाल मोठ्या रस्त्याने वळवली. तीन किलोमीटरचा वळसा पडला. निम्मी माणसं घरी गेली. फाटकाशी पोचलेल्यांपैकी कुणी त्याच्याशी बोललं नाही. औषधवाला तर दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला होता.

“पूल उभा आहे, काका,” ठोक्या वाकून आत डोकावला तेव्हा तो एवढंच म्हणाला. “जाऊन बघा. उभा आहे.”

“माहीत आहे.”

“मग मी लोकांना काय सांगू? काय पडलं म्हणून तुम्ही अडवलंत?”

न पडलेल्या पुलाचं कुणाला काय दाखवणार?

संध्याकाळी बगळा आला. त्याने पाय काढून कडेला ठेवला आणि खुंटाला बांधलेलं फडकं सोडलं. ठोक्याची बायको गरम पाणी घेऊन आली. ठोक्याच आधी म्हणाला, “गोदाम गेलं.”

“गेलं.”

“माझ्यामुळे.”

“मग काय माझ्यामुळे?” बगळा पाण्याने चरचरलं तसा दात आवळत म्हणाला. “तू बावटा धरलास तेव्हा मी तुझ्यामागे बघत होतो. कठडा बघत होतो. तू पाठ करून होतास, तुला दिसलं नाही.”

“किती?”

बगळ्याने हाताची वीत पसरून दाखवली. मग फडकं पिळलं. “मी सांगितलं लोकांना. म्हणतात, बगळा त्याचा मित्र, तो बोलणारच.”

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येऊन पूल खालून बघून गेला. अकरा जागी नवा रंग लागला. ठोक्याने पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक लाल बावटा बांधला, ते नगरपालिकेने काढून नेले. त्याने पुन्हा बांधले. तेही गेले. बावटे रेल्वेचे, मिस्त्रीने लेखी जाब मागितला. ठोक्याने लिहून दिलं, ‘वापरले’.

आठवड्याभराने सकाळी तो पट्ट्यावर असताना नगरपालिकेचा शिपाई रुळांच्या कडेकडेने आला. बगलेत कागदात गुंडाळलेली चौकट.

“ठोक्याकाका तुम्हीच ना? ही घ्या. मानपत्र आहे. तुमचं नाव घालून छापलंय, दुसऱ्या कुणाला देता येत नाही म्हणे. इथं सही करा.”

ठोक्याने हातोडा काखेत धरून सही केली. चौकट त्याने दगडांच्या ढिगाला टेकवून ठेवली.

“वाचणार नाही?”

“अकरा मिनिटांनी गाडी आहे. कुठून आलास तू?”

“पुलावरून. जवळ पडतं.” शिपायाने घाम पुसला. “तुम्ही बदनाम केलात बिचाऱ्याला, पण माणसं जातात हो. आज तर भाजीवाल्यांची मोठी गर्दी होती. जरा कुरकुरतो मात्र हल्ली. नवा रंग वाळत असेल.”

ठोक्याने त्याच्याकडे बघितलं.

“परत जाताना रस्त्याने जा.”

“लांब आहे, काका.”

“लांब आहे. जा रस्त्याने. माझ्यासाठी जा.”

शिपाई हसला. “बरं बाबा, जातो,” म्हणाला आणि लहान मुलाची समजूत काढावी तशी मान हलवून निघाला. रुळांच्या वळणापर्यंत तो दिसत होता. वळणाला डाव्या हाताला रस्ता होता, उजव्या हाताला नदीची वाट. तिथे झुडपं दाट होती. तो त्यांच्यामागे गेला आणि कुठल्या हाताला वळला ते दिसलं नाही.

ठोक्या क्षणभर कान देऊन उभा राहिला. लांबून गाडीची शिटी आली. पुढची चावी ढिली दिसत होती. तो वाकला, दोन ठोक्यांत ती बसवली, आणि रुळावरून खाली उतरून गाडीला वाट दिली.